ठरलेले शब्द, बदलता समाज : चिनी राजकीय भाषेवरच्या चर्चेचा आढावा

२६ एप्रिल १९८९ रोजी 'पीपल्स डेली'च्या पहिल्या पानावर एक अग्रलेख छापून आला. बीजिंगमधल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनाला त्यात 'दोंगलुआन', म्हणजे उत्पात, म्हटले होते. आदल्या संध्याकाळीच तो रेडिओ-टीव्हीवरून वाचून दाखवला गेला होता. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांना पक्षाने हाच शब्द लावलेला असल्यामुळे विद्यार्थ्यांना त्यातली धमकी कुणी समजावून सांगावी लागली नाही. दुसऱ्याच दिवशी प्रचंड मोर्चा निघाला. पुढचे कित्येक आठवडे हा ठपका मागे घ्या, ही विद्यार्थ्यांची एक मुख्य मागणी राहिली. पक्षाचे सरचिटणीस झाओ झियांग तेव्हा उत्तर कोरियाच्या दौऱ्यावर होते. परतल्यावर त्यांनी सूर मवाळ करण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्यांचे पदही गेले. ठपका तसाच राहिला, आणि जूनच्या सुरुवातीला रणगाडे शहरात शिरले.

वृत्तपत्रातल्या एका शब्दावर इतके काही अवलंबून असावे, ही गोष्ट चीनबाहेरच्या वाचकाला चटकन उमगत नाही. चिनी राजकीय भाषेचा अभ्यास मात्र इथूनच सुरू होतो. गेल्या तीन-साडेतीन दशकांत त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. सरकारी भाषेवर लोक विश्वास ठेवतात का? बाजार आणि इंटरनेट आल्यावर तिची पकड सैल झाली का? लोक तिच्याबाहेर बोलतात की तिच्याच आधाराने? चर्चा साधारण या तीन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. या लेखात त्या चर्चेची वाटचाल आणि तिच्यातले पक्ष मांडले आहेत. माझे एक मत आधीच सांगतो. सरकारी भाषा आणि रस्त्यावरची भाषा या दोन टोकांकडे अभ्यासकांचे बरेच लक्ष गेले. त्यांच्या मधली, वृत्तपत्रांची आणि अर्जदारांची भाषा त्या मानाने दुर्लक्षित राहिली. गेल्या दशकात सर्वांत जास्त झीज तिचीच झाली आहे.

येनानचा पाया

या भाषेची घडण १९४२ साली येनानमध्ये, कम्युनिस्ट पक्षाच्या तेव्हाच्या तळावर, झाली. फेब्रुवारीत माओ झेडाँग यांनी 'पक्षीय आठ-अंगी लेखना'वर टीका करणारे भाषण केले. शाही काळातल्या परीक्षांत ठरावीक आठ भागांचा निबंध लिहावा लागे. पक्षाचे कार्यकर्ते तसेच पोकळ आणि साचेबंद लिहितात, असे त्यांचे म्हणणे होते. मे महिन्यात त्यांनी साहित्य आणि कलेवरची प्रसिद्ध व्याख्याने दिली आणि लेखन राजकारणाच्या सेवेत असले पाहिजे, हा दंडक घालून दिला. साच्यावर टीका करत सुरू झालेल्या या शुद्धीकरण मोहिमेतूनच नवा साचा तयार झाला. मराठी वाचकाला येनान परके नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये तिथे पोहोचले होते आणि डिसेंबर १९४२ मध्ये, ही मोहीम सुरू असतानाच, उत्तर चीनमध्ये त्यांचे निधन झाले. आजही चिनी वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख 'आंतरराष्ट्रीयतावादी योद्धा' या ठरलेल्या बिरुदासह होतो.

या ठरलेल्या शब्दप्रयोगांना चिनी भाषेत 'थीफा' म्हणतात. एखाद्या घटनेला, धोरणाला किंवा माणसाला काय म्हणायचे हे वर ठरते आणि खाली सगळ्यांनी तेच म्हणायचे असते. १९४८ मध्ये निघालेले 'पीपल्स डेली', शिन्हुआ वृत्तसंस्था आणि गावोगावी बसवलेले ध्वनिक्षेपक यांनी ही शिस्त शेवटच्या गावापर्यंत नेली.

तिची किंमत किती मोठी असू शकते हे १९५८ साली दिसले. 'मोठी झेप' या उत्पादनवाढीच्या मोहिमेच्या त्या वर्षी वृत्तपत्रांत विक्रमी पिकांच्या बातम्या येत होत्या. सप्टेंबरमध्ये 'पीपल्स डेली'ने ग्वांगशी प्रदेशातल्या हुआनजियांग तालुक्याची बातमी छापली : एका मू जमिनीत १,३०,४३४ जिन भात. एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे, आणि तेवढे जिन म्हणजे सुमारे ६५ टन. ज्याने आयुष्यात एकदा तरी भातशेती पाहिली आहे त्याला हा आकडा अशक्य आहे हे कळेल. तिथल्या शेतकऱ्यांनाही ते कळत होते. अनेक शेतांतली तयार रोपे उपटून एकाच वावरात दाटीने उभी केली होती. पण 'विक्रम' हा शब्द वरून आलेला होता आणि त्याला शोभेल असा आकडा खालून जाणे भाग होते. अशा आकड्यांच्या आधारे धान्यवसुली झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे गेली. दुष्काळाची कारणे अनेक होती. खरे काय चालले आहे ते सांगायला भाषाच उरली नव्हती, हे त्यांतले एक मोठे कारण.

सांस्कृतिक क्रांतीत हा साचा टोकाला गेला. १ जून १९६६ च्या अग्रलेखाने 'सगळी भुतेखेते झाडून टाका' असा हुकूम दिला आणि शिक्षक, लेखक, जुने कार्यकर्ते त्या 'भुतां'च्या यादीत गेले. मोठ्या अक्षरांची भित्तिपत्रे लावण्याचा हक्क १९७५ च्या राज्यघटनेत आला. १९७८-७९ मध्ये बीजिंगच्या शिदान भागातल्या भिंतीवर लोकांनी त्याचा वापर लोकशाही मागण्यासाठी केला, तेव्हा तो हक्क १९८० मध्ये काढून घेण्यात आला.

बाजार आला, वार्ताहर आले

११ मे १९७८ रोजी 'ग्वांगमिंग डेली'त सत्याची कसोटी व्यवहार हीच, अशा आशयाचा लेख आला. माओंचे प्रत्येक वचन पाळायचे की नाही, हा सत्तासंघर्ष त्यात तत्त्वज्ञानाच्या भाषेत लढला गेला. जानेवारी १९७९ मध्ये वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर पुन्हा जाहिराती दिसू लागल्या. १९९२ मध्ये डेंग शियाओपिंग यांच्या दक्षिण दौऱ्यानंतर सरकारी अनुदान आटत गेले. प्रांतिक पक्षपत्रांनी आपापली खपाऊ नागरी दैनिके काढली. मालकी पक्षाचीच राहिली, पण पगार जाहिरातींतून आणि वाचकांकडून येऊ लागला.

१९९४ मध्ये चिनी मध्यवर्ती दूरचित्रवाणीवर संध्याकाळच्या बातम्यांनंतर एक चौकशीवजा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या कार्यालयाबाहेर दोन रांगा लागत, असे चिनी पत्रकार सांगत. एका रांगेत तक्रार घेऊन आलेले लोक आणि दुसऱ्या रांगेत ती दाखवू नका म्हणून विनवायला आलेले स्थानिक अधिकारी. १९९८ मध्ये पंतप्रधान झू रोंगजी स्वतः तिथे जाऊन पाठ थोपटून आले. 'जनमताची देखरेख' हा पक्षाच्याच शब्दकोशातला शब्द होता. पत्रकारांनी तो आपला मानला आणि त्याच्या आडोशाने बातमीदारी केली.

२००३ च्या मार्चमध्ये ग्वांगझोऊ शहरात सुन झिगांग या २७ वर्षांच्या तरुणाला तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नसल्यामुळे ताब्यात घेतले गेले. तीन दिवसांनी कोठडीत मारहाणीने त्याचा मृत्यू झाला. २५ एप्रिलला 'सदर्न मेट्रोपोलिस डेली'ने त्याची बातमी दिली. त्या बातमीत घोषणा नव्हत्या. शवचिकित्सेचा अहवाल, वेळा, कार्यालयांची नावे आणि एक साधा प्रश्न होता : ज्याच्याकडे ओळखपत्र आणि नोकरी होती, त्याला मुळात धरलेच का? मे महिन्यात तीन तरुण कायदे-अभ्यासकांनी राष्ट्रीय जनसंसदेकडे अर्ज केला. त्यांनी राज्यघटनेचा आणि कायद्याचाच आधार घेतला. जूनमध्ये सरकारने स्थलांतरितांना डांबून परत पाठवण्याची ती जुनी व्यवस्था रद्द केली. पुढच्या वर्षी त्या दैनिकाच्या संपादकांना अटक झाली आणि काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली. मधली भाषा म्हणतो ती हीच. तिला राज्य मान्य होते, ठरलेला शब्द उलटवण्याची गरज तिला पडत नव्हती, आणि तरीही तिने एक क्रूर कायदा मोडीत काढला.

अभ्यासकांचे पक्ष

पहिला पक्ष भाषेकडे सत्तेचे साधन म्हणून पाहतो. स्वीडिश अभ्यासक मिखाएल शोएनहाल्स यांनी १९९२ च्या पुस्तकात दाखवले की थीफांवर नियंत्रण ठेवणे हा चिनी राज्यकारभाराचाच भाग आहे. धोरणाशी सहमत असलेला माणूसही चुकीच्या शब्दांत बोलला तर अडचणीत येतो. जी फेंगयुआन यांनी माओकाळाला भाषिक अभियांत्रिकीचा प्रयोग म्हटले. त्यांचा निष्कर्ष असा, की लोकांचे बोलणे बदलता आले, विचार बदलणे पुरते साधले नाही. पेरी लिंक यांनी सरकारी आणि रोजच्या भाषेतल्या अंतरावर भर दिला. माणूस सभेत एका भाषेत बोलतो आणि जेवताना दुसऱ्या, आणि दोन्हींत तो सराईत असतो. आपला पक्ष मजबूत करताना ही मंडळी बाजार आणि नव्या माध्यमांना कमी लेखतात, अशी टीका त्यांच्यावर झाली.

दुसरा पक्ष बाजाराकडे पाहतो, पण त्यात दोन परस्परविरोधी वाचने आहेत. १९९० च्या दशकात अनेकांना वाटले की जाहिरातींवर जगणारे वृत्तपत्र हळूहळू वाचकाचे होईल. झाओ यूएझी यांनी १९९८ मध्येच सावध केले होते, की पक्ष आणि बाजार एकमेकांना पूरकही ठरू शकतात. पंधरा वर्षांनी डॅनिएला स्टॉकमन यांनी तोच धागा पुढे नेला. व्यापारी वृत्तपत्रे वाचकाला स्वतंत्र वाटतात, म्हणून त्यांतला सरकारी संदेश अधिक पटतो. बाजारामुळे प्रचार दुबळा न होता विश्वासार्ह झाला, असा त्यांचा निष्कर्ष. हा युक्तिवाद २०१२ पूर्वीच्या काळाला नीट लागू पडतो. पण प्रचाराला विश्वासार्हता हीच व्यापारी वृत्तपत्रे देत होती, तर २०१३ नंतर पक्षाने त्यांच्यावरच लगाम का आवळला, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तिसरा पक्ष चीनमधलाच आहे आणि तो समजून घ्यायला हवा. कम्युनिस्ट पक्षाची अधिकृत भूमिका अशी : एवढ्या मोठ्या, वेगाने बदलणाऱ्या देशात जनमताला दिशा दिली नाही तर अफवा आणि अस्थैर्य पसरेल, पाश्चात्त्य माध्यमेही कुणाच्या तरी मालकीचीच असतात, आणि चीनची गोष्ट चीननेच सांगायला हवी. पक्षाबाहेरच्या, पण बाजाराच्या टीकाकार असलेल्या 'नव्या डाव्या' विचारवंतांचे म्हणणे वेगळे आहे. अनेक वर्षे 'दूशू' मासिक चालवणारे वांग हुई यांच्या मते चीनमध्ये राजकारणातलेच राजकारण हरवले. शब्द क्रांतीचे राहिले, पण कामगार, शेतकरी, समता यांवरचा खरा वाद संपला आणि प्रशासन उरले. उदारमतवाद्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते वाद संपला नाही, तो दाबला गेला. ही चर्चा चीनमधल्या नियतकालिकांत मोकळेपणाने झाली, तो काळ फार जुना नाही.

चौथा पक्ष भाषा वापरणाऱ्यांकडे पाहतो. केव्हिन ओब्रायन आणि ली लियानजियांग यांनी ग्रामीण चीनमध्ये पाहिले की शेतकरी केंद्र सरकारच्याच परिपत्रकांचे शब्द घेऊन स्थानिक अधिकाऱ्यांशी भांडतात. त्याला त्यांनी 'रास्त प्रतिकार' म्हटले. मारिया रेप्निकोवा यांनी चौकशी पत्रकारांबद्दल तेच मांडले. ते राज्याचे विरोधक नसून टीका करत करत त्याच्याशी जुळवून घेणारे सहप्रवासी होते. या सगळ्या मांडण्यांत मला हीच सर्वांत वस्तुनिष्ठ वाटते, कारण ती लोकांच्या मनात शिरण्याचा दावा करत नाही. ते काय करतात एवढेच पाहते.

इंटरनेटने या साऱ्यांना नवे खाद्य दिले. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी सुमारे १,४०० चिनी संकेतस्थळांवरच्या नोंदी पुसल्या जाण्याआधी आणि नंतर तपासल्या. २०१३ मध्ये त्यांनी सांगितले की सरकारवरची टीका बरीचशी राहू दिली जाते. लोक एकत्र येऊन काही करतील, अशी शक्यता ज्या नोंदींत दिसते त्या पुसल्या जातात. २०१७ मध्ये त्यांनी जियांगशी प्रांतातल्या एका जिल्हा प्रचार कार्यालयाच्या फुटलेल्या ई-मेल तपासल्या आणि अंदाज बांधला, की सरकारी माणसे वर्षाला सुमारे ४४.८ कोटी नोंदी सामान्य नागरिकांच्या नावाने टाकतात. त्यांत वाद घालणाऱ्या नोंदी जवळजवळ नव्हत्या. कौतुक आणि विषयांतरच बहुतेक. हुआंग हाइफेंग यांचा निष्कर्ष याच्याशी जुळतो. प्रचार पटवण्यासाठी नसतोच, ताकद दाखवण्यासाठी असतो. ज्याला तो पटत नाही त्यालाही, इतका प्रचार करू शकणाऱ्या सत्तेशी भिडू नये, हे कळते.

२०१२ नंतर

जानेवारी २०१३ मध्ये ग्वांगझोऊच्या 'सदर्न वीकली'चा नववर्षाचा अग्रलेख प्रांतिक प्रचार अधिकाऱ्यांनी बदलल्याचा आरोप झाला. मूळ मसुदा राज्यघटनेप्रमाणे चालणाऱ्या राज्याच्या स्वप्नाबद्दल होता. पत्रकारांनी निषेध केला आणि लोक फुले घेऊन कार्यालयाबाहेर जमले. एप्रिलमध्ये पक्षाच्या अंतर्गत 'दस्तऐवज क्रमांक ९' मध्ये घटनात्मक लोकशाही, नागरी समाज आणि पाश्चात्त्य धर्तीचे पत्रकारितेचे स्वातंत्र्य यांची गणना धोक्यांत झाली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बदनामीकारक खोटी नोंद ५,००० वेळा पाहिली गेली किंवा ५०० वेळा पुढे पाठवली गेली तर ती गुन्हा ठरू शकते. २०१२ च्या अखेरीस पक्षाचे सरचिटणीस झालेल्या शी जिनपिंग यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये एकाच दिवशी 'पीपल्स डेली', शिन्हुआ आणि मध्यवर्ती दूरचित्रवाणीला भेट दिली. पक्षाच्या माध्यमांचे आडनाव पक्ष हेच असले पाहिजे, हा संदेश तिथून आला. २०१८ मध्ये वृत्तपत्रे, प्रकाशने आणि चित्रपट यांचा कारभार सरकारी खात्यांकडून थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेला.

लोकांची भाषा मात्र थांबली नाही. १० मार्च २०२० रोजी 'रेनवू' मासिकाने वुहानच्या मध्यवर्ती रुग्णालयातल्या डॉक्टर आय फेन यांची मुलाखत छापली. नव्या आजाराचा अहवाल त्यांनीच डिसेंबरअखेर सहकाऱ्यांना पाठवला होता आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. त्याच दिवशी शी जिनपिंग वुहानमध्ये होते. काही तासांत मुलाखत पुसली गेली. मग वाचकांनी ती उलट क्रमाने लिहून टाकली. ती पुसली तेव्हा कुणी मोर्स लिपीत टाकली, कुणी इमोजींत, कुणी प्राचीन काळी हाडांवर कोरल्या जाणाऱ्या चिनी लिपीत. हजारो लोकांनी एकच मजकूर वाचण्याजोगा ठेवण्यासाठी रात्रभर असे काम केले. सरकारविरोधी घोषणा त्यात एकही नव्हती, एका डॉक्टरचे म्हणणे तेवढे होते.

नव्या आजाराबद्दल सहकाऱ्यांना सावध करणारे, त्याच रुग्णालयातले डॉ. ली वेनलियांग फेब्रुवारीत गेले. पोलिसांनी त्यांना खोटी माहिती पसरवल्याबद्दल लेखी नोटीस देऊन तिच्यावर सही घेतली होती. मार्चमध्ये ती नोटीस मागे घेतली गेली आणि एप्रिलमध्ये हुबेई प्रांताने त्यांना हुतात्मा घोषित केले. सरकारी भाषेत त्यांना जागा मिळाली. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मात्र लोक आजही आपली दुःखे त्यांना सांगायला येतात.

शब्दांची वाहतूक उलट दिशेनेही होते. २०२१ मध्ये तरुणांमध्ये 'थांगफिंग', म्हणजे आडवे पडून राहणे, हा शब्द पसरला. घर, लग्न, बढती यांच्यामागे न धावता कमीत कमीत जगायचे. सरकारी वृत्तपत्रांनी त्याला लज्जास्पद म्हटले. पण त्याच ऑक्टोबरमध्ये पक्षाच्या 'चिउशी' नियतकालिकात शी जिनपिंग यांच्या लेखात हा शब्द आला. अंतहीन निष्फळ स्पर्धेसाठी लोक वापरत असलेला 'नेइजुआन' हा शब्दही तिथेच होता, आणि २०२४ मध्ये तो पॉलिटब्युरोच्या आर्थिक बैठकीच्या निवेदनात पोहोचला. नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुम्चीतल्या आगीत दहा जण दगावले आणि अनेक शहरांत लोक कोरे कागद हातात धरून उभे राहिले. काही आठवड्यांत शून्य-कोविड धोरण संपले. निदर्शनांमुळे संपले की संसर्ग आधीच हाताबाहेर गेला होता म्हणून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत कठीण प्रश्न पहिलाच : लोकांना काय वाटते? हार्वर्डच्या ॲश केंद्राने २००३ ते २०१६ या काळात ३१,००० हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. शेवटच्या फेरीत केंद्र सरकारबद्दल समाधानी असणारे ९३ टक्के होते. रॉबिन्सन आणि टॅनेनबर्ग या अभ्यासकांनी २०१९ मध्ये वेगळी पद्धत वापरली. माणसाला विधानांची एक यादी द्यायची आणि त्यातली किती पटतात एवढाच आकडा विचारायचा, कोणती ते नाही. अशा आडपडद्याने विचारले तेव्हा सरकारला असलेला पाठिंबा थेट विचारण्यापेक्षा सुमारे २५ टक्के-बिंदूंनी कमी भरला. तरीही तो नाहीसा झाला नाही. म्हणजे भीती आहे आणि पाठिंबाही आहे. दोन्हींचे प्रमाण ठरवण्याचे साधन अजून हाती नाही.

दुसरा प्रश्न माहितीच्या भुकेचा. चेन यूयू आणि डेव्हिड यांग यांनी बीजिंगच्या विद्यार्थ्यांना अडवलेल्या संकेतस्थळांपर्यंत पोहोचण्याचे साधन फुकट दिले. बहुतेकांनी ते राजकीय बातम्यांसाठी वापरलेच नाही. काही काळ बक्षीस देऊन सवय लावल्यावर मात्र वापर टिकला आणि त्यांची मतेही बदलली. विद्यार्थ्यांबाहेर, गावांत आणि कारखान्यांत, हे कितपत लागू होईल हे खुले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून चीनमध्ये मजकूर निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेलाही समाजवादी मूल्यांची अट लागू झाली. ठरलेला शब्द आता यंत्रही बोलणार असेल तर रोजच्या भाषेचे काय होईल, यावर भक्कम संशोधन व्हायचे आहे.

तिसरा प्रश्न मधल्या भाषेचा. चौकशी पत्रकारांची संख्या घटली, अनेकांनी धंदा सोडला, हे सर्वमान्य आहे. 'त्साइशिन'सारखी मोजकी नियतकालिके अर्थव्यवहाराच्या आधाराने टिकून आहेत. पण अर्जदार, वकील, गावचे शिक्षक यांच्या हातात आज कोणती वापरण्याजोगी भाषा उरली आहे, याची पद्धतशीर पाहणी झालेली नाही. ती व्हायला हवी. १९५८ चा अनुभव सांगतो की ही भाषा नाहीशी झाली की राज्यालाही आपल्या देशात काय चालले आहे ते कळेनासे होते.

आणि हे पाहायला जाणार कोण? २०२० मध्ये चीन आणि अमेरिकेने एकमेकांच्या पत्रकारांना घालवले. २०२३ मध्ये भारत आणि चीन यांनी एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा अडवले, आणि त्याच वर्षी चीनच्या मोठ्या शोधनिबंध-संग्रहाचे काही भाग परदेशी विद्यापीठांना बंद झाले. मराठी वृत्तपत्रांत चीनबद्दल जे येते ते बहुतांशी इंग्रजी वृत्तसंस्थांकडून आलेले असते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे पु. वि. बापट यांनी चिनी भाषेतल्या बौद्ध ग्रंथांवर काम करून पुण्यात चिनी वाचनाची एक परंपरा उभी केली होती. त्या परंपरेतला कुणी आज चिनी वर्तमानपत्र रोज वाचून मराठीत लिहील, अशी सोय आपल्या विद्यापीठांनी आणि वृत्तपत्रांनी मिळून करावी. शेजारी काय बोलतो आणि काय बोलायचे टाळतो, हे थेट त्याच्या भाषेतून ऐकणारी दोन-चार माणसे तरी महाराष्ट्राला परवडायला हवीत.